घरोघरचे राउटर वारंवार का बिघडतात?



वसंतातल्या ह्या ज्ञानसत्रात थोरांची चरित्रे सांगितली जावीत, देशापुढच्या प्रश्नांचा ऊहापोह व्हावा, साहित्याची आणि तत्त्वज्ञानाची चर्चा व्हावी, हे योग्यच आहे. त्या मानाने माझा आजचा विषय आपल्याला फारच किरकोळ वाटेल. भिंतीला खिळ्यावर टांगलेला, दोन-चार शिंगे वर करून बसलेला, हिरवे दिवे लुकलुकवणारा एक प्लॅस्टिकचा डबा, एवढाच तो विषय आहे. परंतु हा डबा बंद पडला म्हणजे आज घरात काय काय बंद पडते, ह्याची आपण मनाशी एकदा यादी करून पाहावी. मुलाचे कार्यालयीन काम, सुनेची बैठक, नातवंडांचा अभ्यास, विजेचे बिल, आणि परदेशी असलेल्या लेकीचा रविवारचा चेहरा, हे सारे त्या डब्यातून जा-ये करीत असते. घरात इतके महत्त्वाचे आणि इतके दुर्लक्षित असे दुसरे यंत्र नसेल.

आणि हे यंत्र सारखे बिघडते, अशी घरोघर तक्रार आहे. ती खरी आहे काय, खरी असेल तर तिची कारणे कोणती, आणि त्यांपैकी किती आपल्या हातातली आहेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ह्या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही, वळावे लागले. मी काही इंजिनिअर नव्हे. माझे आयुष्य शाळेत भौतिकशास्त्र शिकविण्यात गेले. २०२१ साली महामारीमुळे महाविद्यालये बंद होती आणि आमच्या नातीची परीक्षा घरातूनच चालली होती. दुपारी दोनचा पेपर. सव्वातीनच्या सुमारास राउटरचे दिवे एकाएकी मालवले, पुन्हा लागले, आणि दोन-तीन मिनिटे सगळे ठप्प झाले. असे एकदा नव्हे, चार वेळा झाले. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे पोरीला पाठविताच आली नाहीत. राउटर घेऊन सव्वा वर्ष झाले होते, आणि त्याच्या आधीचे दोन असाच दगा देऊन भंगारात गेले होते.

टाळेबंदी जराशी सैल होताच मी तो डबा पिशवीत घालून बुधवार पेठेतल्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाकडे गेलो. त्याने राउटर उघडलाच नाही. त्याच्या सोबतची ती काळी डबी, म्हणजे अडॅप्टर, त्याने भिंतीत खोचली आणि तिच्या टोकाला मीटर लावले. काटेकोर १२ व्होल्ट. मग त्याने तिच्यावर थोडा भार टाकला. आकडा धडपडत नवावर आला आणि तिथे नाचू लागला. "काका, राउटरला काही झालेलं नाही," तो म्हणाला, "तुमचा अडॅप्टर गेलाय." दुसरा अडॅप्टर लावताच दिवे लागले ते लागलेच. मग त्याने सहज विचारले, "आधीचे दोन कुठे आहेत?" भंगारात दिले, असे मी सांगितले. तो काही बोलला नाही, नुसता हसला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून सांगितली होती. तिचा अर्थ मला त्या दुकानात कळला.

'बिघडला' ह्या एका शब्दाखाली आपण निरनिराळे रोग एकत्र बांधून टाकतो, हीच आपली पहिली चूक आहे. वैद्याने 'माणूस आजारी आहे' एवढेच निदान करावे आणि औषध म्हणून माणूसच बदलावा, तसे आपण राउटरच्या बाबतीत करतो. तेव्हा हे रोग वेगळे करून पाहू. परंतु त्याआधी हा डबा करतो काय, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

डब्यातला दारवान

जुन्या वाड्यात पंधरा बिऱ्हाडे असत, पण पत्रावर घराचा क्रमांक एकच असे. अशा वाड्याच्या दिंडीत एक दारवान बसला आहे, अशी कल्पना करा. कोणत्या बिऱ्हाडाने कोणाला पत्र धाडले, हे तो वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आले की वही पाहून त्या त्या खोलीत पोचते करतो. राउटरचे मुख्य काम हेच आहे. इंटरनेटची जुनी पत्तापद्धती बत्तीस द्विमान अंकांची असल्यामुळे तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. सगळ्या जगातल्या सगळ्या यंत्रांना ते पुरणार नाहीत हे १९९० च्या सुमारासच दिसू लागले होते. म्हणून एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसविण्याची ही युक्ती १९९४ साली लेखी स्वरूपात मांडली गेली आणि पुढे घरोघर पोचली. आपल्या घरातले मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच ही बिऱ्हाडे. राउटर हा दारवान.

ह्या दारवानाला एक छोटा मेंदू आहे, ती वही ठेवण्यापुरती स्मृती आहे, बिनतारी लहरी सोडणारी आणि पकडणारी यंत्रणा आहे, आणि आपले काम कसे करावे हे सांगणारा एक आज्ञासंच, म्हणजे प्रोग्रॅम, त्याच्या पोटात कायमचा लिहून ठेवलेला आहे. तो रात्रंदिवस जागा असतो. वर्षाचे ८,७६० तास त्याला सुटी नाही. घरातला पंखासुद्धा हिवाळ्यात विश्रांती घेतो. राउटरच्या आयुष्याचा हिशोब करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

पहिला रोग : अन्नाचा

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी असते. राउटरच्या चिपांना ती चालत नाही. त्यांना स्थिर आणि एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. अडॅप्टर तो बहुधा १२ व्होल्टचा करून देतो. हे रूपांतर आपल्याला वाटते तितके साधे नाही. भिंतीतली वीज प्रथम एकदिश केली जाते, तेव्हा तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टांच्या आसपास चढतो. मग एक इलेक्ट्रॉनिक खटका सेकंदाला हजारो वेळा ती तोडतो आणि जोडतो, एक चिमुकला ट्रान्स्फॉर्मर तिचा दाब उतरवितो, आणि अखेरीस कपॅसिटर नावाचा घटक तिची उरलीसुरली खळबळ शांत करतो. हे सगळे मुठीएवढ्या, चारी बाजूंनी बंद डबीत चालते. म्हणून ती डबी हाताला नेहमी गरम लागते.

हा शेवटचा कपॅसिटर दुबळा झाला की अडॅप्टर मरत नाही, पण आजारी पडतो. राउटर जोवर स्वस्थ बसला आहे तोवर त्याची भूक थोडी असते. घरातली चार माणसे एकाच वेळी काम करू लागली की त्याची भूक वाढते, आणि नेमक्या त्याच क्षणी अडॅप्टर मान टाकतो. गोठ्यात धट्टाकट्टा दिसणारा बैल मानेवर जू येताच खाली बसावा, तशातला हा प्रकार आहे. दाब खाली गेला की राउटरचा मेंदू गोंधळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. 'नेमक्या कामाच्या वेळीच बंद पडतो' ही जी तक्रार आपण हताशपणे करतो, तिच्यात दैवाचा काही संबंध नाही. ते ह्या रोगाचे लक्षण आहे.

ह्यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. तसाच दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. मात्र तो घेताना तीन गोष्टी पडताळाव्यात. व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा त्याहून मोठा चालेल, लहान चालणार नाही. आणि पिनेचा आकार व तिच्या आतल्या-बाहेरच्या टोकांची धन-ऋण बाजू जुळली पाहिजे. ती खूण अडॅप्टरवर छापलेली असते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असे समजणाऱ्यांनी अनेक राउटर जाळले आहेत.

दुसरा रोग : उष्णतेचा

पंखा हळू फिरू लागला की वायरमन 'कंडेन्सर बदला' असे सांगतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कपॅसिटर म्हणजे त्याच जातीचा घटक. अडॅप्टरमध्ये आणि राउटरमध्ये वापरतात ते बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात. त्यांच्या छोट्या नळकांड्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या गुंडाळीत एक द्राव मुरवलेला असतो. वर्षानुवर्षे तो द्राव कणाकणाने उडून जातो, आणि जितकी उष्णता अधिक तितका तो लवकर उडतो.

ह्याचा एक व्यवहारी नियम आहे. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. दहा अंशांनी उतरले की दुप्पट. साध्या प्रतीच्या कपॅसिटरवर '१०५ अंशांना २,००० तास' अशी हमी असते असे धरू. डब्याच्या आत ७५ अंश उष्णता असेल तर तीन वेळा दुप्पट करून १६,००० तास मिळतील, म्हणजे दोन वर्षेसुद्धा नव्हेत. ६५ अंशांना ३२,००० तास, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे. ५५ अंशांना ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून अधिक. कपॅसिटर तोच, राउटर तोच, कंपनीही तीच. फरक फक्त तो टांगला कोठे, ह्याचा.

आता आपल्या घरात राउटर कोठे असतो ते आठवा. दिवाणखान्याची शोभा जाऊ नये म्हणून तो टीव्हीच्या पाठीमागे लपविलेला असतो, नाही तर लाकडी कपाटात कोंडलेला असतो. धूळ बसू नये म्हणून त्यावर कोणी हौसेने विणलेला रुमालही घालतो. त्याच्या पोटातली उष्णता खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक असणे मुळीच आश्चर्याचे नाही. त्यातून मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरचाच पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा वेळी कपाटात कोंडलेल्या राउटरने दोन वर्षांत प्राण सोडला, तर त्याला कंपनीइतकेच आपणही जबाबदार आहोत. त्याच्या अंगाची छिद्रे ही नक्षी नव्हे, नाकपुड्या आहेत. उघड्या भिंतीवर, उभा, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असा तो टांगला, तर एक पैसा खर्च न करता त्याचे आयुष्य दुप्पट होऊ शकते.

येथे कंपन्यांचा दोष झाकावयाचा नाही. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष द्रावाचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत आणि इतर उपकरणांत बसविले गेले. त्यांची टोपणे फुगत, फुटत आणि आतून तपकिरी रस गळे. काही आण्यांच्या भागापायी हजारो रुपयांची यंत्रे निकामी झाली. आजही जिथे एकेका पैशाची काटकसर होते, तिथे तो पैसा बहुधा कपॅसिटरच्या प्रतीतूनच वाचविला जातो.

तिसरा रोग : आभाळाचा

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस गडगडाट करीत येतो, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानांत राउटरांची रांग लागते. वीज प्रत्यक्ष घरावर पडावी लागत नाही. जवळपास कोठेतरी पडली, तरी तिच्या हजारो अँपिअरच्या प्रवाहामुळे आसपासच्या तांब्याच्या लांब तारांत क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. राउटरला विजेची तार येते आणि टेलिफोनची किंवा केबलवाल्याची तारही येते. ह्या दोन वाटांच्या मधोमध तो बिचारा सापडतो. राउटरच्या तारेच्या तोंडाशी संरक्षणासाठी चिमुकले ट्रान्स्फॉर्मर असतात आणि त्यांनी १,५०० व्होल्टांचा मारा सोसावा असा संकेत आहे. आभाळातल्या विजेपुढे दीड हजार व्होल्ट ही काय कथा! गच्च्यांवरून आणि झाडांवरून ओढलेल्या तांब्याच्या तारांनी घरोघर इंटरनेट पुरविण्याची जी पद्धत आपल्याकडच्या शहरांत पडली, तिने असे असंख्य बळी घेतले.

काचेच्या तंतूची जोडणी आली तिथे ही एक वाट बहुतेक बंद झाली, कारण काच वीज वाहून नेत नाही. पण अडॅप्टरची वाट उघडीच राहते. म्हणून गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. बटणातली फट काही मिलिमीटरांची असते आणि तांब्याची तार तर बटणाला जुमानतच नाही. पिन भिंतीतून उपटावी आणि येणारी तार तांब्याची असेल तर तीही काढून ठेवावी. हे गडगडाट सुरू होण्याच्या बेतात असतानाच करावे, वीज डोक्यावर आल्यावर तारांना हात लावू नये. दाबाचे लोंढे अडविणारे एक्स्टेंशन बोर्ड बाजारात मिळतात, पण ते बरेचसे काम जमिनीत पोचलेल्या अर्थिंगच्या आधारे करतात. भिंतीत तिसरे भोक आहे आणि त्यामागे तारच नाही, अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. अशा घरात तो बोर्ड म्हणजे निव्वळ मनाचे समाधान होय.

चौथा रोग : बुद्धीचा

आतापर्यंतचे रोग शरीराचे झाले. चौथा रोग त्या आज्ञासंचाचा आहे, आणि तो सर्वांत फसवा आहे, कारण त्यात काहीही जळत नाही की फुटत नाही.

दारवानाची वही मघाशी सांगितली. स्वस्त राउटरमध्ये ती वही लहान असते. पूर्वी घरात एक संगणक होता. आज दहा-पंधरा उपकरणे असतात आणि त्यांतले प्रत्येक एकाच वेळी डझनावारी ठिकाणांशी पत्रव्यवहार करते. वहीची पाने भरली की नव्या पत्रांची नोंद होत नाही. शिवाय आज्ञासंच लिहिणाऱ्याची चूक राहिली असेल तर काम संपलेल्या नोंदी खोडल्याच जात नाहीत आणि वही उगाच भरत जाते. मग राउटरचे दिवे लागलेले असतात, पण काहीच चालत नाही. आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. वही कोरी होते आणि सारे सुरळीत चालू लागते. 'बंद करून चालू करा' हा उपाय हास्यास्पद वाटला तरी त्यामागे असे कारण आहे. मात्र हे औषध नव्हे, वेदनाशामक गोळी आहे. रोज ती घ्यावी लागत असेल तर आज्ञासंचाची नवी आवृत्ती आली आहे काय ते पाहावे. आणि ती चढवीत असताना वीज जाणार नाही ह्याची खबरदारी घ्यावी, कारण अर्धवट लिहिलेला आज्ञासंच घेऊन काही राउटर पुन्हा उठतच नाहीत.

ह्या रोगाला बाहेरून संसर्गही होतो. कारखान्यातून राउटर बाहेर पडतो तेव्हा त्याच्या कुलपाची किल्ली अनेकदा सर्वांना ठाऊक असलेला एखादा शब्द असते, आणि तो शब्द बदलण्याचे कष्ट आपण घेत नाही. २०१७ च्या जुलै महिन्यात आपल्याच देशात सरकारी दूरसंचार सेवेच्या ग्राहकांची हजारो मोडेम एका दुष्ट प्रोग्रॅमने निकामी केली. ज्यांची मूळची किल्ली बदललेली नव्हती, ती मोडेम त्याला बळी पडली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ च्या नोव्हेंबरात, जर्मनीत सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर एकाएकी कोलमडले. हल्लेखोरांना ते ताब्यात घ्यावयाचे होते. ते ताब्यात आले नाहीत, पण त्या धडकांनीच आडवे झाले. अमेरिकेत २०२३ च्या ऑक्टोबरात तर एकाच सेवादाराचे सहा लाखांहून अधिक राउटर तीन दिवसांत कायमचे मेले, आणि ते बदलूनच द्यावे लागले. त्या सहा लाख कुटुंबांतील बहुतेकांना 'आपला राउटर बिघडला' एवढेच वाटले असेल.

नसत्या आळाविषयी

राउटरवर येणारे काही आळ मात्र खोटे असतात, तेही सांगितले पाहिजेत. काचेच्या जोडणीच्या डब्यावर तांबडा दिवा लागला असेल तर बहुधा बाहेरचा तंतू तुटलेला असतो. राउटर निर्दोष असतो. संगणक तारेने राउटरला जोडल्यावर सारे ठीक चालत असेल आणि बिनतारी मात्र चालत नसेल, तर दोष हवेतल्या गर्दीचा असण्याचा संभव मोठा. जुन्या पद्धतीच्या बिनतारी लहरी ज्या पट्ट्यात चालतात, त्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा तीनच आहेत. इमारतीत बिऱ्हाडे चाळीस. त्यात शेजारच्या स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात आपला सूर लावते. अशा ठिकाणी नवा राउटर आणूनही जुनेच रडगाणे चालू राहते.

जबाबदार कोण?

हे सारे असे असणे अपरिहार्य आहे काय? ह्या यंत्राचा आद्य पूर्वज पाहिला म्हणजे तसे वाटत नाही. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट नावाचे जाळे उभारले गेले, तेव्हा प्रत्येक केंद्रावर संदेशांची ने-आण करणारे एक यंत्र बसविले होते. ते कपाटाएवढे होते आणि त्याचे वजन चारशे किलोच्या घरात होते. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला पहिला संदेश धाडताना दोन अक्षरे पोचताच पलीकडचा संगणक कोलमडला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणजे बंद पडणे हे ह्या विद्येच्या पाचवीलाच पुजलेले आहे. परंतु ते कपाट बनविणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : वीज जाणार, आज्ञासंच अडकणार, आणि जवळ कोणी माणूस नसणार. म्हणून वीज परत येताच आपण होऊन उठणे, आणि अडकल्यास स्वतःलाच धक्का देऊन जागे करणे, ह्या सोयी त्यात पहिल्यापासून होत्या. ते यंत्र कोणाचे, ते बिघडल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हे ठरलेले होते.

आजच्या डब्याच्या बाबतीत नेमके हेच ठरलेले नाही. बनविणारी कंपनी हमीची मुदत संपली की मोकळी होते, आणि आज्ञासंचाच्या नव्या आवृत्त्या पुष्कळदा त्याच सुमारास थांबतात. जोडणी देणारी कंपनी 'नवा बसवून घ्या' असे सांगते. आणि घरमालकाला तर आपण एका यंत्राचे मालक आहोत ह्याचाच पत्ता नसतो. पाण्याच्या पंपाला आपण तेल देतो, सायकलची साखळी पुसतो. हा डबा मात्र टांगला की विसरला. माझ्या मते राउटर वारंवार बिघडण्याचे मूळ कारण येथे आहे. तो तिघांचा आहे, म्हणून कोणाचाच नाही.

ह्यावर कायद्याचे उपाय सुरू झाले आहेत. इंग्लंडमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना ठाऊक असलेली किल्ली लावून अशी उपकरणे विकण्यास बंदी आहे, आणि आज्ञासंचाची डागडुजी किती काळ चालू राहील हे उत्पादकाने सांगावे लागते. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हे इष्टच आहे. परंतु कायदा दिल्लीत होतो आणि राउटर आपल्या भिंतीवर असतो. म्हणून घरमालकाने करावयाची गोष्ट शेवटी सांगतो.

राउटर बंद पडू लागला की दुकानाची वाट धरण्यापूर्वी ह्याच क्रमाने जावे. प्रथम अन्न : दुसरा, जुळणारा अडॅप्टर लावून पाहावा. मग उष्णता : डब्याला हात लावून पाहावा, चटका बसत असेल तर त्याला उघड्यावर आणावे. मग तार : तांबडा दिवा आहे काय, बिघाड गडगडाटानंतरचा आहे काय, तारेने जोडल्यास चालतो काय. मग बुद्धी : आज्ञासंच नवा करावा, किल्ली बदलावी. वीज घडोघडी जात असेल तर राउटरपुरता बॅटरीचा लहानसा संच मिळतो, तो लावावा. ह्या चार पायऱ्या चढूनही तो उठला नाही, तर मात्र तो खरोखर गेला असे समजावे, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

आमच्या नातीचे ते दोन प्रश्न राहिले ते राहिलेच. तिच्या गुणपत्रिकेत त्यांची उणीव दिसते. बुधवार पेठेतून परत आणलेला तो राउटर मात्र उघड्या भिंतीवर, दुसऱ्या अडॅप्टरवर, आजही चालू आहे. भंगारात दिलेल्या त्या दोघांची मला अधूनमधून आठवण होते. ते बिघडले होते की नाही, हे आता कधीच कळावयाचे नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असा एखादा डबा पडला असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला एकदा दुसऱ्या अडॅप्टरवर लावून पाहा, एवढी विनंती करतो.